मान गेला, पाटी उरली

जुन्या जबलपुरात कमानिया गेटातून आत शिरलं, की दुकानांच्या पाट्या वाचत चालावं. मालकाचं नाव ठळक, मालाचं त्याहून ठळक आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात मोहल्ल्याचं नाव. टपालवाला आणि कुरिअरवाला सोडला तर त्या तळच्या ओळीशी कोणाला काम नसतं. मागोवा घ्यायचा तर मात्र तिथूनच घ्यावा. कोतवाली, सराफा, मुकादमगंज, जरा पलीकडे लॉर्डगंज आणि ब्योहारबाग, आणि याच जुन्या शहरात दीक्षितपुरा. कोतवाल, सराफ, मुकादम, लॉर्ड, ब्योहार, दीक्षित. यांतला एकेक शब्द कधीकाळी असा होता, की तो कानावर पडला तर माणूस बसल्या जागी सावरून बसे. आज त्यांची मिळून एक पत्त्याची वही झाली आहे. मान गेला, पाटी उरली.

समाजातली जागा सांगायला आपण आता इंग्रजी जोडशब्द वापरतो. हाय क्लास, अपर मिडल क्लास, वेल सेटल्ड, फॉरेन रिटर्न्ड, स्टेटस सिंबॉल. जबलपूरच्या मराठी घरात लग्नाची बोलणी चालली असतील तर एकाच वाक्यात तीन भाषा मांडीला मांडी लावून बसतात: ‘घराणं खानदानी आहे, मुलगा क्लास वन ऑफिसर, आणि माणसं एकदम सीधीसाधी.’ मुलामुलीची पत्रिका बघितली जाते. या शब्दांची पत्रिका कोणी काढत नाही. ती काढली तर बहुतेकांचा प्रवास एकाच वाटेनं झालेला दिसतो. माणसं शिडी चढायला धडपडतात, आणि त्यांचा मोठेपणा सांगणारे शब्द तीच शिडी एकेक पायरी उतरत असतात.

मोहल्ल्याच्या नावापासूनच सुरुवात करू. दीक्षित हा शब्द मुळात आडनाव नव्हता. वंशात चालणारी पदवीही नव्हता. ती एक तात्पुरती अवस्था होती. सोमयाग करायचा तर यजमानाला आधी दीक्षा घ्यावी लागे. केस उतरवून, नखं काढून, स्नान करून तो काळविटाच्या कातड्यावर बसे. मुठी आवळलेल्या, खाणं मोजकं, बोलणं त्याहून मोजकं. आईच्या पोटातल्या गर्भासारखं त्यानं राहायचं, कारण यज्ञ हा त्याचा नवा जन्म मानलेला. शतपथ ब्राह्मणात याला जोडून एक विलक्षण तरतूद आहे. दीक्षा घेणारा क्षत्रिय असो की वैश्य, त्याला ब्राह्मण म्हणून पुकारायचं, कारण यज्ञातून जन्मतो तो ब्राह्मणच. म्हणजे ज्या व्यवस्थेत माणसाची जागा जन्मानं ठरते असं आपण शिकलो, तिच्याच पोटात ही खिडकी ठेवलेली होती. पण खिडकी उघडी राही ती यज्ञापुरती. शेवटी अवभृथ स्नान झालं, की दीक्षित पाण्यातून बाहेर येई तो पुन्हा पहिल्यासारखा गृहस्थ होऊन.

पुढं काय झालं ते आपल्याला सवयीचं आहे. ज्यानं सोमयाग केला तो जन्मभर दीक्षित म्हणवू लागला. मग त्याचा मुलगा, मग नातू, मग सोमाची वेल कशी असते हे ठाऊक नसलेला पणतू. अग्निहोत्री, वाजपेयी, सोमयाजी यांचंही तसंच झालं. सतराव्या शतकात काशीत सिद्धान्तकौमुदी रचणारे भट्टोजी दीक्षित, तमिळ मुलखातले वाग्गेयकार मुथुस्वामी दीक्षितर (१७७५–१८३५), भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८): भाषा वेगळ्या, विद्या वेगळ्या, आणि नावामागची खूण एकच. कान्यकुब्ज ब्राह्मणांतही दीक्षित आहेत. त्यामुळे जबलपुरात नुसत्या आडनावावरून माणूस नर्मदेच्या दक्षिणेचा की उत्तरेचा, हे सांगता येत नाही. आणि मोहल्ल्याला दीक्षितपुरा हे नाव पडल्यावर तर आडनावाचीही गरज उरली नाही. तिथं राहायला दीक्षित असावं लागत नाही, भाडं भरावं लागतं. अवस्था, पदवी, आडनाव, पत्ता. चार पायऱ्यांत शब्द तळमजल्यावर आला.

पायरी हा शब्द इथं सहज आलेला नाही. समाजातली जागा सांगणारे शब्द बघा, ते दोनच गोष्टी बोलतात. कोण कुठं उभा आहे, आणि कितव्या पायरीवर आहे. स्टेटस हा लॅटिन शब्द ‘उभं राहणे’ या अर्थाच्या धातूपासून आला, आणि तो धातू संस्कृतातल्या ‘स्था’चा सख्खा भाऊ. ‘स्था’चा गोतावळा आपल्याकडे केवढा! स्थान, संस्थान, प्रतिष्ठा, आणि ‘बडं प्रस्थ’ म्हणतो त्यातलं प्रस्थसुद्धा. दुसरं घराणं पायऱ्यांचं. दर्जा म्हणजे अरबीत पायरी. मर्तबा म्हणजेही पायरीच, आणि त्याचं अनेकवचन मरातिब आपल्या मानाला चिकटलं तेव्हा मानमरातब हा जोडशब्द झाला. पद म्हणजे पाऊल. इंग्रजी ग्रेड आणि डिग्री यांच्या पोटातही लॅटिन पाऊलच आहे. एवढ्या भाषा फिरून मराठीनं सरळ घरातला शब्द उचलला: पायरी सोडून बोलू नये, आपली पायरी ओळखून वागावं.

तिसरं एक लहानसं घराणं चेहऱ्याचं आहे. अब्रू म्हणजे आब आणि रू, चेहऱ्यावरचं पाणी. पाणी उतरलं की तोंड दाखवायला जागा राहत नाही. तिची जोडीदारीण इभ्रत मात्र वेगळ्या घरची. मूळ अरबीत तिचा अर्थ धडा, दुसऱ्याची फजिती बघून घ्यायची शिकवण. उर्दूत आणि उर्दूवळणाच्या हिंदीत इबरत आजही तसाच आहे. मराठीत येताना तिचा अर्थ फिरला आणि इभ्रत म्हणजे लौकिक झाला. जबलपुरात एखाद्या शायराच्या तोंडून इबरत ऐकून मराठी माणूस खूश झाला, तर तो चुकीच्या जागी खूश झालेला असतो.

अशी फसगत व्हायला मराठी माणूस इथं यावा लागला. तो आला टप्प्याटप्प्यानं. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचं गोंड राज्य खालसा केलं. १७९८ मध्ये पेशव्यांनी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे दिला. १८१७ च्या अखेरीस इंग्रज आले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि त्याची राजधानी नागपूर ठरली. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन हे दोन लोहमार्ग जबलपुरात एकमेकांना भेटले. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं, जबलपूर मध्य प्रदेशात राहिलं आणि इथं उच्च न्यायालय आलं. फौजेबरोबर शिलेदार, दप्तराबरोबर कारकून, रेल्वेबरोबर गार्ड आणि बाबू, शाळांबरोबर मास्तर, कोर्टाबरोबर वकील.

त्यांच्या सामानात आडनावं होती, आणि त्यांतली कितीतरी आडनावं म्हणजे पूर्वजांच्या नेमणुकीचे कागद. चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस, दफ्तरदार, मुजुमदार. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी यांतले मोठे हुद्दे संस्कृतात नेले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. पुढं रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. दरबाराची भाषा बदलली, पण घरोघरच्या नावांपर्यंत ते पाणी पूर्ण झिरपलं नाही. पेशव्याला मुख्य प्रधान म्हणावं असं ठरलं असलं, तरी शंभर वर्षांनीही लोकांच्या तोंडी पेशवेच होते. हुद्द्याचा शब्द एकदा वतनाला चिकटला, की तो बदलायला राजाज्ञाही कमी पडते.

वतन हीच मग खरी पायरी. पेशवाईच्या गावात शेत कसणारे दोन प्रकारचे असत, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क. तो गाव सोडून गेला तरी त्याची मिरास तिथं वाट बघत राही. उपरी म्हणजे ठरावीक मुदतीनं जमीन कसणारा, गावात असून गावचा नसलेला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं १८१९ मध्ये पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखावर अहवाल लिहिला, त्यात हा भेद नोंदवला आहे. मिरास हा अरबी शब्द, अर्थ वारसा. मराठीत त्यापासून मिराशी हे आडनाव झालं. त्रिपुरीच्या, म्हणजे जबलपूरजवळच्या आजच्या तेवरच्या कलचुरी राजांचे शिलालेख आणि ताम्रपट ज्यांनी संपादित केले, ते नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी. १९५५ मध्ये त्यांचा तो ग्रंथ निघाला. त्यांच्या नावापुढं विद्येची पदवी, नावामागं जमिनीची. पण हेच नाव उत्तर हिंदुस्थानच्या बोलीत नेलं तर मिरासी म्हणजे यजमानाची वंशावळ गाणारा गवई, ज्याला समाजानं वरची पंगत कधी दिली नाही. शब्द एकच. एकाला वारशानं जमीन मिळाली, दुसऱ्याला वारशानं दुसऱ्याच्या बापजाद्यांची नावं. आडनाव सांगताना मराठी मिराशाला हिंदी शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर क्षणभर गोंधळ दिसला, तर त्याचं कारण हे.

मुकादमाचंही असंच. मुकद्दम म्हणजे पुढं ठेवलेला, पुढारी. मराठी कागदपत्रांत गावच्या पाटलाला मोकदम म्हटलेलं जागोजाग सापडतं. त्याचे मानपान ठरलेले असत. पोळ्याला त्याचा बैल पुढं, होळीला त्याची पोळी आधी, कागदावर नांगराची निशाणी त्याची. एका गावात दोन घरांत पाटीलकी वाटली गेली, की टिळा आधी कोणाला आणि विडा आधी कोणाला यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत. आज मराठीत मुकादम म्हणजे ऊसतोडीची टोळी नेणारा किंवा झाडूवाल्यांची हजेरी घेणारा. पुढं उभं राहण्याचं काम तेवढं राहिलं. मान उसाच्या फडात कुठंतरी पडला.

मानाचं भांडण नुसतं बैलांचं नव्हतं, अक्षरांचंही होतं. पेशवाईतलं पत्र उघडा. मजकूर चार ओळींचा आणि मायना वळणदार. सरदाराला अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री, वैदिकाला वेदशास्त्रसंपन्न. वडिलांना तीर्थरूप, मुलाला चिरंजीव, सवाष्णीला सौभाग्यवती, विधवेला गंगाभागीरथी. कोणाला आशीर्वाद लिहायचा, कोणाला नमस्कार, कोणाला रामराम आणि कोणाला दंडवत, हे कारकुनाला पाठ असावं लागे. चूक झाली तर मजकूर बरोबर असूनही पत्र चुकलेलं. एक शब्द किती जड असू शकतो याचा दाखला १७७९ चा आहे. सोनार मंडळी आपसांत नमस्कार म्हणतात, तो मान त्यांचा नाही, अशी पुण्याची तक्रार होती. पेशव्यांच्या सांगण्यावरून मुंबईच्या इंग्रज कौन्सिलनं ठराव करून त्यांना तो शब्द वापरायला मनाई केली. समुद्रापलीकडून व्यापाराला आलेलं सरकार, आणि त्याच्यापुढं प्रश्न काय, तर कोणी हात जोडून काय म्हणावं.

या सगळ्या मानपानाच्या जगात एका माणसानं शब्दांचा पट उलटा मांडला. जून १७९२. दिल्लीच्या बादशहाला आपल्या मुठीत ठेवणारे महादजी शिंदे बारा वर्षांनी पुण्यात आले होते. येताना शाह आलमकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक पदाची सनद आणि माही-मरातिब, म्हणजे मोगली दरबाराचा माशाच्या चिन्हाचा बहुमान आणला होता. ग्रँट डफनं १८२६ च्या आपल्या इतिहासात त्या भेटीचं वर्णन केलं आहे. महादजी हत्तीवरून उतरले, वंशपरंपरेच्या सगळ्या मानकऱ्यांच्या खालच्या जागी जाऊन उभे राहिले. तरुण सवाई माधवरावांनी बसायला सांगितलं तेव्हा त्यांनी काखेतलं गाठोडं सोडलं. आत पेशव्यांसाठी नवे जोडे. माझ्या बापाचं काम हेच, तेच माझं, असं सांगून ते त्यांनी पुढं ठेवले. राणोजी शिंदे पेशव्यांचे जोडे सांभाळत, अशी कथा सांगितली जाई. महादजी स्वतःला पाटील म्हणवून घेत आणि लोक त्यांना पाटीलबावा म्हणत. जमलेल्या मानकऱ्यांना ही नम्रता किती टोचली असेल याची कल्पना करावी. ज्याच्या फौजा चंबळेपलीकडं हिंडत होत्या, तो त्यांच्या खालच्या पायरीवर उभा राहून त्यांना सांगत होता, की तुमच्या पायऱ्यांची मला गरज नाही. खालचा शब्द वरच्या माणसानं उचलला की तो शब्दच चढतो. पाटील आज गावाबाहेरही रुबाबात मिरवतो, त्यात या पाटीलबावाचाही थोडा वाटा असावा.

श्रीमंत या शब्दाची वाट उलट दिशेची. श्रीमंत पेशवे म्हणताना त्यात खजिन्याचा हिशेब नव्हता. कर्जानं वाकलेला पेशवाही श्रीमंतच. आज श्रीमंत म्हणजे पैसेवाला, आणि पैसा गेला की शब्दही जातो. जुना अर्थ आता दगडूशेठ हलवाई गणपतीच्या नावाआधी उरला आहे, किंवा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या. हिंदीनं हेच अमीर या शब्दाचं केलं. अमीर म्हणजे हुकूम देणारा, सरदार. आता नुसता धनवान. मराठीतला धनी आधी मालक, मग बायकोच्या तोंडी नवरा. सत्तेचे शब्द शेवटी पैशाच्या दारात येऊन बसतात, आणि सराफ्यात पत या शब्दाला जो भाव असतो तोच खरा ठरतो. पत म्हणजे अब्रूही आणि उधारीही.

मधल्या माणसासाठी मराठीनं एक शब्द घडवला, त्याचा इतिहास जरा अवघडवणारा आहे. पांढरपेशा. हिंदीत सफेदपोश, पांढरे कपडे घालणारा. मराठीत कपड्याच्या जागी पेशा आला. कोकणच्या एकोणिसाव्या शतकातल्या महसुली नोंदींत पांढरपेशे नावाचा खातेदारांचा वेगळा वर्ग आहे: ब्राह्मण, प्रभू वगैरे. त्यांच्याकडून कुळवाड्यापेक्षा हलका सारा घेतला जाई. कारण असं, की ही मंडळी स्वतः नांगर धरत नाहीत, मजूर लावतात, त्यांचा खर्च जास्त. म्हणजे हात मातीला न लावण्याची सरकारनं सवलत दिली. अमेरिकेत व्हाइट कॉलर हा जोडशब्द विसाव्या शतकात रुळला; आपल्याकडे त्याच्याआधीच पांढऱ्या पेशाला सारासूट होती. कथा-कादंबऱ्यांतून पांढरपेशा म्हणजे बिचारा, कात्रीत सापडलेला, अशी ओळख पुढं झाली. मूळ शब्द मात्र बिचाऱ्याचा नव्हता.

इंग्रजांनी जुन्या शब्दांना नवे बिल्ले लावले. मराठी मुलखात रावबहादूर आणि रावसाहेब, हिंदी मुलखात रायबहादूर आणि रायसाहेब, मुसलमान आणि पारशी गृहस्थांना खानबहादूर. राव आणि राय दोन्ही राजाचीच लेकरं. मध्य प्रांतात ही दोन्ही भावंडं नांदत होती, जबलपूरकडे राय आणि नागपूरकडे राव. तेव्हाच्या जबलपूर जिल्ह्यातल्या मुडवाऱ्याचे, म्हणजे आजच्या कटनीचे, रायबहादूर हिरालाल यांनी आर. व्ही. रसेलला मदत केली आणि १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. त्याआधी १९०१ च्या जनगणनेत आयुक्त रिस्ले यानं जातींची सामाजिक अग्रक्रमानुसार यादी लावायचं फर्मान काढलं होतं. मध्य प्रांताची ती जनगणना रसेलच्याच हाताखाली झाली. गावच्या पोळ्यात कोणाचा बैल पुढं, हा वाद आता सरकारी तक्त्यात गेला. देशभरातून अर्जांचा पाऊस पडला. आमचं नाव वर घ्या, आम्ही अमुक नाही तमुक आहोत. आधी मान गावाच्या नजरेत असे आणि नजर वर्षानुवर्षांत बदलूही शके. छापील रकान्याला पापणी नसते.

आणि लॉर्ड? जबलपूरच्या उच्च न्यायालयात ‘माय लॉर्ड’ पुष्कळ काळ घुमलं. २००६ मध्ये बार कौन्सिलनं ते सोडून द्यावं असं सुचवलं, तरी सवय चिवट. मूळ जुन्या इंग्रजीत लॉर्ड म्हणजे भाकरीचा राखणदार, आणि लेडी म्हणजे कणीक मळणारी. आपल्या अन्नदात्याशेजारी त्याला बसवलं तर दोघांचं जमेल. जबलपुरात तो शब्द न्यायासनावरून उतरून लॉर्डगंजाच्या गर्दीत रिक्षा शोधत उभा आहे. असे उतरलेले खूप. बाई हा शब्द जिजाबाई, अहिल्याबाईंच्या नावात आहे. बुंदेली घरांत आईला बाई म्हणतात. आणि शहरी घरात ‘बाई आली का?’ म्हणजे भांडी घासायला कोणी आलं का. महाराज स्वयंपाकघरात पोळ्या लाटतो. जमादार १९६५ पर्यंत लष्करात नायब सुभेदाराच्या जागी होता, आणि हिंदी बोलीत त्याच्या हातात झाडू दिलेला आहे.

या सगळ्या गोष्टीत एक मोठी उणीव आहे. आतापर्यंत बोललो ते पायऱ्यांवर उभ्या असलेल्यांच्या शब्दांबद्दल. ज्यांना पायरीच नव्हती त्यांचं काय? ३१ जानेवारी १९२० ला मूकनायकाच्या पहिल्या अंकात डॉ. आंबेडकरांनी हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली, आणि त्या मनोऱ्याला शिडी नाही असं म्हटलं. ज्या मजल्यावर जन्माल, त्याच मजल्यावर मराल. दर्जा, मर्तबा, पद, ग्रेड, डिग्री या सगळ्या शब्दांत जी पायरी आपण आतापर्यंत मोजली, ती त्या मनोऱ्यात नव्हतीच. म्हणून खालच्या मजल्यावरच्यांनी चढायचा नाद सोडून शब्दच बदलले.

मायन्याच्या जगात महाराचं अभिवादन जोहार. चोखोबा आणि एकनाथ यांच्या रचनांत तो जोहार ऐकू येतो. रामराम वरून येई, जोहार खालून जाई. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात याच मध्य प्रांतात, नागपूरजवळच्या कामठीला, बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) नावाच्या तरुण कार्यकर्त्यानं त्या जागी ‘जय भीम’ रुजवलं, असं मानलं जातं. १९३७ मध्ये ते प्रांतिक कायदेमंडळात निवडून आले. या अभिवादनाची खुबी अशी, की पहिला जे म्हणतो तेच दुसरा म्हणतो. आशीर्वाद आणि दंडवत यांच्यात जी उतरण होती ती इथं सपाट झाली. १७७९ मध्ये ज्या शब्दासाठी कौन्सिलला ठराव करावा लागला, त्या प्रश्नाचं हे उत्तर दीडशे वर्षांनी मिळालं. आणि उत्तर ‘आम्हालाही नमस्कार म्हणू द्या’ असं नव्हतं.

उपरी या महसुली शब्दाचंही असंच झालं. गावाबाहेरचा तो उपरा. लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिलं, कैकाडी समाजातलं जगणं त्यात मांडलं, आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दप्तरात तुच्छतेनं लिहिलेला शब्द मुखपृष्ठावर चढला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा दलित या शब्दातलं पिचलेपण संपून त्याला दात आले. वरचे शब्द उतरतात ते आपोआप, वापरानं झिजून. खालचे शब्द चढतात ते आपोआप नाही. त्यांना कोणीतरी खांद्यावर घ्यावं लागतं.

१९५० मध्ये राज्यघटना आली आणि तिच्या अठराव्या कलमानं लष्करी आणि विद्याविषयक मानांखेरीज पदव्या देणं बंद केलं. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं संस्थानिकांची मान्यता आणि तनखेही गेले. कागदावर पायऱ्या मोडल्या. आडनावांत, मोहल्ल्यांत आणि लग्नाच्या बैठकीत त्या अजून शाबूत आहेत. तिथं आता त्यांची नावं इंग्रजी आहेत एवढंच. क्लास वन ऑफिसर हा आजचा फडणीस. फॉरेन रिटर्न्डची नातवंडं उद्या परदेशातच जन्मतील, मग तो शब्दही मुकादमाच्या वाटेनं जाईल.

स्टेटसचं तर डोळ्यांदेखत झालं. ‘घराण्याचं स्टेटस काय?’ असं बैठकीत विचारणारी आजी अजून आहे. तिच्याच शेजारी बसलेली नात म्हणते, ‘आजी, माझं स्टेटस बघितलंस का?’ आणि मोबाइल पुढं करते. त्यात भेडाघाटच्या धबधब्यापुढचा तिचा फोटो. चोवीस तासांनी तो आपोआप नाहीसा होणार. आजीला हे पटत नाही. जे उद्या राहणार नाही त्याला स्टेटस कसं म्हणायचं? पण शब्दाच्या पत्रिकेत बघितलं तर नात मूळ अर्थाच्या फार लांब गेलेली नाही. काळविटाच्या कातड्यावर मुठी आवळून बसलेल्या त्या पहिल्या दीक्षितालाही ठाऊक होतं, की हे सगळं स्नानापर्यंतच आहे. विसर पडला तो त्याच्या पणतवंडांना.